रोजचे जेवण मागवताना शब्द अडतात तेव्हा

तुमचा प्रश्न मला असा समजला. ऑटिझमचे निदान तुम्हाला मोठेपणी, नोकरीला लागल्यानंतर झाले. घर सत्तरी तालुक्यात असल्यामुळे पणजीत खोली घेऊन एकट्याने राहावे लागते आणि दोन्ही वेळचे जेवण बाहेरून घ्यावे लागते. हॉटेलात काउंटरसमोर किंवा वेटरसमोर बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही, मनात धरलेला पदार्थ संपला असेल तर तुम्ही काहीच न घेता परत फिरता आणि ती रात्र बिस्किटांवर निघते. आई म्हणते, "चार वेळा धीर करून बोल, पाचव्या वेळी आपोआप जमेल." तेव्हा हा धीर आणायचा कसा, असे तुम्ही विचारले आहे.

मी गोव्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते आणि ऑटिस्टिक तरुणांच्या व प्रौढांच्या रोजच्या व्यवहारांतील अडचणींवर त्यांच्याबरोबर वाट काढणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तुमच्या वर्णनावरून मला तुमच्यात धीर कमी आहे असे अजिबात वाटत नाही; रोज उपाशी परतूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात जाणाऱ्या माणसाकडे धीर असतोच. जेवण मागवणे हे वरून एक काम दिसते, पण त्यात निवड करणे, ऐकणे, बोलणे, अनपेक्षित प्रश्नाला उत्तर देणे, पैसे देणे अशी अनेक कामे एकमेकांत गुंतलेली असतात आणि ती सगळी भुकेल्या पोटी, गोंगाटात, समोरचा माणूस खोळंबलेला असताना अर्ध्या मिनिटात उरकायची असतात. त्यांतली जेवढी कामे हॉटेलात पाऊल टाकण्यापूर्वी उरकता येतील तेवढी आधीच उरकून टाकावीत, म्हणजे काउंटरवर करण्यासारखे फार थोडे शिल्लक राहते. पुढचे सगळे सांगणे या एकाच गोष्टीचा विस्तार आहे.

सकाळच्या भाजी-पावाचेच उदाहरण घ्या. तुम्ही घरून ठरवून निघालात की भाजी-पाव आणि चहा घ्यायचा. बसताक्षणी वेटर विचारतो, "कितें जाय?" तुम्ही कसेबसे "भाजी-पाव" म्हणता आणि लगेच प्रश्न येतात: पातळ भाजी की सुकी, टोमॅटो की मिक्स, पाव की पोई (कोंड्याचा गोवेकरी पाव) की पुरी, चहा आत्ता की नंतर. शेजारच्या गिऱ्हाइकाला हे प्रश्न म्हणून जाणवतसुद्धा नाहीत, कारण त्याची उत्तरे सवयीने तोंडातून निघतात. तुमच्यासाठी मात्र प्रत्येक प्रश्न हा एक नवा निर्णय असतो. पहिल्याचे उत्तर जुळवत असताना तिसरा कानावर पडतो, आणि तोही कधी कोकणीत, कधी हिंदीत, कारण गोव्यातल्या हॉटेलांत काम करणारी माणसे अनेक प्रांतांतून आलेली असतात. ज्या मेंदूला ऐकलेले समजून घ्यायला आणि उत्तराची जुळणी करायला थोडा जास्त वेळ हवा असतो, तो मेंदू या ठिकाणी बोलणे थांबवतो. एरवी उत्तम बोलणाऱ्या ऑटिस्टिक प्रौढांच्या बाबतीतही ताण वाढला की असे घडते. ते काही हट्टाने किंवा लाजेने होत नाही.

यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. पहिली संवेदनांची. प्रकाश, आवाज, वास आणि स्पर्श यांना मिळणारा जास्त तीव्र किंवा जास्त मंद प्रतिसाद हा २०१३ साली डीएसएम-५ या, निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी पुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांत घेतला गेला. त्याआधीही तो अनुभव होताच. स्टीलच्या ताटांचा खणखणाट, मिक्सर, मासे तळल्याचा वास आणि पैसे जमा झाल्याची मोठ्याने घोषणा करणारा काउंटरवरचा स्पीकर, हे सगळे तुम्ही बोलायला तोंड उघडण्याच्या आधीच तुमची बरीच शक्ती खर्च करून टाकतात. दुसरी गोष्ट भुकेची. अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना शरीराच्या आतल्या खुणा उशिरा कळतात. भूक लागली आहे हे कळते तेव्हा हातपाय थरथरायला आणि डोके दुखायला लागलेले असते. त्या अवस्थेत कोणालाही नीट निवड करता येत नाही. म्हणून माझी पहिली सूचना बोलण्याविषयी नाही, वेळेविषयी आहे: जेवायला जाण्याची वेळ घड्याळावर ठरवा, भुकेवर सोडू नका, आणि निघण्यापूर्वी एखादे केळे किंवा मूठभर शेंगदाणे खाऊन निघा.

यानंतरचे बरेचसे तुमची गाडी नेमकी कुठे अडते यावर अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. ते तुम्हालाच थोडे तपासावे लागेल. तोच पदार्थ खोलीवर मागवला आणि तुम्ही तो सुखाने खाल्लात, तर अडचण पदार्थाची नाही, जागेची किंवा बोलण्याची आहे. काचेच्या कपाटातल्या पदार्थाकडे बोट दाखवून काम भागते, पण मेनूकार्डावरून मागता येत नाही, असे असेल तर अडचण बोलण्याची आहे. एकट्याने, शांत खोलीत मेनू समोर घेऊन बसलात तरीही काही ठरत नसेल, तर अडचण निवडीची आहे आणि तिथे बोलण्याचा कितीही सराव केला तरी उपयोग होणार नाही. दोन आठवडे रोज एक ओळ लिहून ठेवा: आज कुठपर्यंत जमले आणि कुठे थांबले. बहुतेकांच्या अडण्याच्या जागा एक किंवा दोनच असतात आणि त्या रोज त्याच असतात.

आता निवडीविषयी सविस्तर सांगते, कारण माझ्या पाहण्यात जास्त माणसे इथेच उपाशी राहतात. खोलीपासून चालत जाता येईल अशी दोन ठिकाणे नक्की करा. प्रत्येक ठिकाणी गर्दी नसताना जाऊन मेनूचा फोटो काढा आणि घरी बसून प्रत्येक ठिकाणचे तीन पदार्थ क्रमाने लिहा: पहिला तुम्हाला हवा तो, दुसरा चालेल तो, आणि तिसरा असा की जो त्या हॉटेलात सहसा संपत नाही, मग तो आवडीचा नसला तरी चालेल. पदार्थापुढे त्याच्याबरोबर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरेही लिहून ठेवा, म्हणजे "मिक्स भाजी, दोन पाव, चहा भाजीबरोबरच, साखर कमी" इतके पूर्ण. "संपलं" हा शब्द ऐकू आला की विचार करायचा नाही, दुसऱ्या ओळीवर जायचे. दुसरेही नसेल तर तिसऱ्या ओळीवर. तिन्ही नसतील तर दुसऱ्या हॉटेलात जायचे, आणि तेही बंद असेल तर खोलीवर काय खायचे हेसुद्धा त्याच कागदावर लिहिलेले असावे. हा क्रम पोट भरलेले असताना ठरवलेला असल्यामुळे तो ऐनवेळी तुमच्यासाठी निर्णय घेतो. पदार्थ संपल्यावर तुम्ही परत फिरता याचे कारण मला एवढेच दिसते की त्या क्षणी पुढची पायरी तयार नसते.

गोव्यात राहणाऱ्याने या कागदात ऋतूही धरायला हवा. तुम्ही नुस्त्याची थाळी खात असाल तर थाळीचे नाव रोज तेच असते, पण ताटातला मासा त्या दिवशी बाजारात काय आले त्यावर ठरतो: आज बांगडा, उद्या इसवण, परवा चोणक, आणि वर "रवा फ्राय की मसाला फ्राय" हा प्रश्न असतोच. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा माशांचे प्रकार कमी होतात, भाव वाढतात आणि नेहमीची चव बदलते. ज्यांना चवीतला आणि पोतातला बदल सहन होत नाही त्यांनी त्या दोन महिन्यांसाठी वेगळा कागद मे महिन्यातच करून ठेवावा. तसेच श्रावणात, सोमवारी किंवा गुरुवारी काही ठिकाणी मेनू बदलतो आणि चवथीच्या दिवसांत अनेक लहान हॉटेले बंदच असतात. आधी ठाऊक असलेला बदल हा दारात पोहोचल्यावर कळलेल्या बदलापेक्षा कितीतरी सुसह्य असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बोलण्याच्या जागी लिहिलेले दाखवणे यात कमीपणा काहीच नाही. खिशात मावेल असे एक कार्ड करा, किंवा फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. त्यावर इतकेच पुरे: "मला बोलायला वेळ लागतो. मला ऐकू येते. कृपया हे द्या." खाली त्या दिवसाचा पदार्थ, आणि त्याखाली "हे नसेल तर" असे लिहून दुसरा पदार्थ. पहिले वाक्य कोकणीत, "म्हाका उलोवपाक वेळ लागता," आणि हिंदीतही असू द्या. "मला ऐकू येते" हे वाक्य मी आग्रहाने घालायला सांगते, कारण ते नसले तर समोरचा माणूस हातवारे करू लागतो किंवा ओरडून बोलतो, आणि तुमचा त्रास दुप्पट होतो. कार्डावर ऑटिझमचा उल्लेख करायचा की नाही हा सर्वस्वी तुमचा प्रश्न आहे. जेवण मिळण्यासाठी तो सांगण्याची गरज पडत नाही. कायद्याच्या बाजूने पाहिले तर दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यामध्ये ऑटिझमचा समावेश आहे आणि त्या कायद्याने केलेल्या संवादाच्या व्याख्येत लेखी मजकूर, सोपी भाषा, पूरक आणि पर्यायी पद्धती हे सगळे बोलण्याच्या बरोबरीने येते. कार्ड दाखवणारा माणूसही संवादच करत असतो.

समोरच्या वेटरच्या जागी क्षणभर उभे राहून पाहणेही उपयोगाचे आहे. तुम्ही गप्प राहिलात की त्याला वाटते तुमचे अजून ठरलेले नाही. म्हणून तो मदत करायला जातो आणि सगळा मेनू पुन्हा, आणखी भराभर म्हणून दाखवतो. तुम्हाला हवी असते शांतता आणि त्याच्या चांगुलपणामुळे मिळतो आणखी गोंगाट. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ साली ही गोष्ट नीट मांडली: ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधला संवाद तुटतो तेव्हा एकमेकांना समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते, एकट्या ऑटिस्टिक माणसाची नव्हे. व्यवहारात याचा अर्थ असा की, तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ त्याला आधीच सांगून ठेवला तर अर्धे काम होते. त्यासाठी ठरवलेल्या दोन हॉटेलांपैकी एकात, ते उघडे असेल पण गर्दी नसेल अशा वेळी, मालकाला किंवा काउंटरवरच्या माणसाला भेटा. एकट्याने जमणार नसेल तर एखाद्या सहकाऱ्याला बरोबर न्या, किंवा चार ओळींची चिठ्ठी द्या: मी रोज येणार आहे, मला हे पदार्थ लागतात, मी कार्ड दाखवीन, मी बोललो नाही तर राग मानू नका, आणि शक्य असेल तर भिंतीकडची जागा द्या. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांग व्यक्तींचा महोत्सव, भरला. त्याचे नाव काढले की हॉटेलवाल्यांना विषय लवकर समजतो, असा माझा अनुभव आहे. अशी विनंती नाकारणारे मालक मी फार थोडे पाहिले आहेत. रोजचे गिऱ्हाईक कोणाला नको असते? मात्र कामगार बदलत राहतात, विशेषतः पर्यटनाचा हंगाम सुरू होताना आणि संपताना, त्यामुळे ओळख झाली तरी कार्ड टाकून देऊ नका.

वेळ आणि जागा यांचेही महत्त्व आहे. दुपारी साडेबारा ते दोन ही गोव्यातल्या खानावळींची सर्वांत गजबजलेली वेळ. कचेरीत विचारून तुमची जेवणाची सुट्टी बाराला करून घेता आली तर आवाज निम्मा होतो आणि पदार्थ संपलेलेही नसतात. फार उशिरा जाण्याचा उपाय करू नका, कारण अडीचनंतर थाळी संपते आणि बरीच ठिकाणे संध्याकाळपर्यंत बंद होतात. बसताना पंख्याखालची आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळची जागा टाळा. आवाज कमी करणारे हेडफोन किंवा साधे इअरप्लग लावून जेवायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

ॲपवरून मागवण्याविषयी तुम्ही थोड्या अपराधी भावनेने लिहिले आहे, ती भावना सोडून द्या. स्विगी आणि झोमॅटोवर मागची ऑर्डर जशीच्या तशी पुन्हा देता येते, बनवणाऱ्यासाठी सूचना लिहिता येते आणि जेवण दाराशी ठेवायला सांगता येते. बोलणे ज्याला जड जाते त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. तिच्या अडचणी वेगळ्या आहेत. शेकडो पदार्थ समोर आले की निवड न जमणाऱ्याला ॲप काउंटरपेक्षाही कठीण जाते. त्यावर उपाय म्हणजे शोधत बसायचे नाही, आधीच्या ऑर्डरींतूनच निवडायचे. दुसरी अडचण फोनची. पणजीच्या जुन्या वस्त्यांमध्ये घर सापडत नाही म्हणून डिलिव्हरीवाला फोन करतो आणि फोन उचलणे तुम्हाला कदाचित काउंटरपेक्षा अवघड वाटत असेल. पत्त्यात जवळची ठळक खूण, मजला आणि दाराचा रंग लिहून ठेवा, आणि "मी फोनवर बोलू शकत नाही, कृपया मेसेज करा" हे वाक्य तयार ठेवून ऑर्डर निघाल्याबरोबर पाठवून द्या. खर्च मात्र खरोखर वाढतो, म्हणून मी ॲप थकलेल्या दिवसांसाठी राखून ठेवायला सांगते. महिन्याचा डबा लावणे हा मधला मार्ग आहे. डबा देणाऱ्या काकूंशी बोलणे एकदाच करावे लागते, पण डब्यात आज काय येणार हे न कळण्याचा त्रास होतो. आठवड्याची यादी रविवारी व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितली की तोही बराच कमी होतो.

रोज तेच खाल्ले तर चालेल का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी होय असे आहे. ठरलेला पदार्थ खाणे हा तुमच्या दिवसाचा आधार असेल तर तो काढून घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. माझी मर्यादा इथे आहे: वजन उतरत असेल, चक्कर येत असेल, केस गळत असतील, किंवा पूर्वी चालणारे पदार्थ एकेक करून बंद होत जाऊन हातावर मोजण्याइतकेच उरले असतील, तर हा ऑर्डर देण्याचा प्रश्न राहिलेला नाही. आहार अतिशय आकुंचित होण्याचा एआरएफआयडी नावाचा विकार असतो, तो ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये आढळतो, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जाऊन रक्ततपासणी आणि आहारतज्ज्ञांचा सल्ला दोन्ही घ्यायला हवेत. यात चालढकल करू नका. खोलीवर मात्र रोजच, आजारी नसतानाही, काहीतरी खाण्याजोगे असलेच पाहिजे: उकडलेली अंडी, पोहे, केळी, पेजेसाठी उकडे तांदूळ. सकाळ-संध्याकाळ सायकलवरून भोंगा वाजवत येणाऱ्या पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोई घेताना तर बोटांनी संख्या दाखवली तरी पुरते.

तुमच्या आईंना माझ्या वतीने एवढे सांगा. त्यांची कळकळ मला समजते. उद्या मुलाचे कसे होईल हा घोर प्रत्येक आईला असतो. पण भुकेल्या पोटी, गर्दीत, जबरदस्तीने केलेल्या सरावातून बोलणे वाढलेले मी पाहिलेले नाही. त्यातून त्या जागेची धास्ती वाढते आणि माणूस तिथे जाणेच सोडतो. तुम्हाला स्वतःला बोलण्याचा सराव हवा असेल तर तो जेवणाशी जोडू नका. पोट भरलेले असताना, ओळखीच्या दुकानात, फसले तरी काही बिघडणार नाही अशी एखादी वस्तू मागून पाहा, आणि नको वाटले तर तेही सोडून द्या. आईंना खरी मदत करायची असेल तर त्यांनी पणजीला आल्यावर त्या हॉटेलमालकाला तुमच्यासोबत भेटावे, आणि घरी आलात की तुम्हाला खरोखर काय खाता येते याची यादी बसून तुमच्याबरोबर करावी.

कचेरीतले सहकारी एकत्र जेवायला जातात तेव्हाचे तुम्ही ओझरते लिहिले आहे. तिथे ठिकाण आदल्या दिवशी विचारून घ्या, मेनू आधी पाहा आणि तुमचा पदार्थ शेजारी बसणाऱ्या एकाला मेसेजने कळवून ठेवा. वेटर आला की तो दोघांचे सांगेल. न जाण्याचा पर्यायही नेहमी खुला आहे.

दोन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की कळवा: नेमके कुठे अडते, कार्ड दाखवल्यावर समोरचे कसे वागले, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत जाण्याची वेळ किती वेळा आली. अडचण मुख्यतः आवाजाची आणि वासाची आहे असे त्यात दिसले, तर मी पुढे वेगळे काही सुचवीन, कारण त्या बाबतीत माणसामाणसांत फार फरक असतो आणि तुमच्या नोंदी पाहिल्याशिवाय काही सांगणे योग्य होणार नाही.